फाटकापर्यंतची माळ

वरमहालक्ष्मीच्या सणाच्या आदल्या दिवशी बेंगळुरात हेब्बाळच्या पुलाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. केळीचे खुंट, केवड्याची कणसं, कमळाच्या मिटलेल्या कळ्या, आणि त्यांतून वाट काढत घरी निघालेली ऑफिसातली माणसं. पाऊस येतो येतो म्हणत होता आणि येत नव्हता. वरून जड गाडी गेली की पूल पोटातून घुमायचा.

ठकुबाई आपल्या नेहमीच्या खांबाशी बसली होती. पुढ्यात ओल्या फडक्याखाली मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, कळ्या, बाजूला अबोली, मरव्याच्या काड्या. तिच्या मांडीला मांडी लावून शिवलीला माळ बांधत होती. केळीचा दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवलेला.

शिवलीलेची बोटं आखूड. तळहातावर आडवी अशी एकच रेघ. डोळे कडेला वर उचललेले, जीभ ओठांवर जराशी आलेली, आणि काम रंगात आलं की अजून जराशी. पण दोन कळ्या अलीकडं, दोन पलीकडं, वर फास, अंगठ्याचा दाब, पुन्हा दोन कळ्या. हे तिच्या बोटांत उतरायला वर्षं गेली होती. फास सुटायचा, कळ्या मांडीवर सांडायच्या. ठकुबाई त्या वेचून पुन्हा तिच्या ओंजळीत घालायची. पोरीच्या काळजाला जन्मापासूनच भोक होतं. ते शिवून आणल्यावर डॉक्टर म्हणाले होते, हिला घाई करू नका. ठकुबाईनं घाई केली नाही. आता झोपेतसुद्धा पोरीची बोटं चादरीच्या दशा बांधत असायची.

ठकुबाई गुणगुणली,

*कळीला गं कळी जोडू, दोरा केळीचा कोवळा,*
*लेक माझी माळ बांधी, गळा देतो देव...*

"भोळा!" शिवलीला ओरडली. शेवटचा शब्द तिचा असायचा. आई तो कधीच म्हणायची नाही.

समोर एक बाई उभ्या राहिल्या. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, हातात पूजेच्या सामानाची पिशवी. "मोळभर द्या."

बेंगळुरात फुलं मोळावर विकतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. ठकुबाई दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत फुलं भरत होती, म्हणून शिवलीलेनंच माळेचं टोक आपल्या कोपराला लावलं, बोटापर्यंत ताणलं आणि कात्री मारली.

"हा कसला मोळ?" बाईंनी माळ आपल्या हाताशी धरून दाखवली. त्यांच्या मनगटालाच ती संपली होती. "अम्मा, तुम्ही मोजा. हिच्या हातानं नको. सणासुदीचं फसवायला बसवलंय का हिला?"

आजूबाजूच्या चार फुलवाल्या वळून बघायला लागल्या. ठकुबाईनं मुकाट्यानं नवी माळ घेतली, स्वतःच्या हातावर मोजली आणि दिली. बाई गेल्या. शिवलीला आपला हात पुढं करून बसली होती. मग तिनं तो आईच्या हाताशेजारी ठेवला. कोपराला कोपर. तिची बोटं आईच्या मनगटापुढं जेमतेम पोचली.

"अव्वा. माझा हात ल्हान."

"असू दे की गं. मोजायचं मी बघते. तू कोसरु दे."

कोसरु म्हणजे मापावरचं चार बोटं जास्तीचं, गिऱ्हाइकानं मागायच्या आत दिलेलं. त्या दिवसापासून ते काम शिवलीलेचं झालं. आई मोजायची, लेक वर तुकडा ठेवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "कोसरु!" चार बोटं कुठली, कधीकधी वीतभर जायचं. ठकुबाई बघून न बघितल्यासारखं करायची.

घर हेब्बाळच्या तळ्यामागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, मागं पाण्याचं पिंप, पुढं एक पायरी. ठकुबाई आणि तिचा नवरा देवाप्पा अथणीकडून आले तेव्हा इथं पालेभाजीचे वाफे होते. आता चारी बाजूंनी काचेच्या इमारती. देवाप्पा फूलबाजारात गाठोडी वाहायचा. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली गेला होता आणि अंगाला आंघोळ करूनही शेवंतीचा वास असायचा. मुलगा योगीराज टेक पार्कची बस चालवायचा. त्याची बायको सौम्या शहरातल्याच बनशंकरीची, तिथल्या जुन्या मराठी घरातली. तिला सातवा लागला होता.

रोज सकाळी दात घासून झाले की शिवलीला वैनीपुढं जाऊन उभी राहायची. कोपर सौम्याच्या बेंबीशी लावायची आणि हात पोटावर पसरायची.

"वैनी. किती झालं?"

"तूच सांग की."

"मोळभर!" मग पोटाला ओठ लावून, "कोसरु दे हां, बाळा."

सौम्या हसायची. पोटाला तिचा ओला श्वास लागला की गुदगुल्या व्हायच्या. बाळ झाल्यावर पाळण्याची दोरी शिवलीलेनं ओढायची हेही ठरलं होतं. ते योगीराजनंच ठरवलं होतं, लहानपणी तिला खांद्यावर घेऊन तळ्यावर फिरणाऱ्या अण्णानं.

पाच दिवसांचा गणपती बोळवल्यावर पहिल्या रविवारी ओटीभरण होतं. सौम्याची आई सकवारबाई बायकांना घेऊन बनशंकरीहून आली. जरीकाठाच्या साड्या, हातात ताटं. दारात आल्याआल्याच तिनं घर डोळ्यांनी मोजलं.

फुलांचे दागिने शिवलीलेनं बांधले होते. बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी. आदल्या दिवसापासून ती पाटावरून उठली नव्हती. तिला नवीन परकर-पोलकं घातलं होतं आणि मागच्या खोलीत पिंपाशेजारी बसवलं होतं. "हाक मारली की ये हां," ठकुबाई म्हणाली होती.

हाक कोणी मारली नाही. पुढच्या खोलीत गाणी सुरू झाली, बांगड्या वाजल्या, आणि शिवलीला आपणहून उठली. बायकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत पाटापाशी गेली. फुलांनी झाकलेली सौम्या बघून तिनं टाळ्या पिटल्या. मग रोजच्यासारखं कोपर बेंबीशी लावून हात पसरला.

"मोळभर! वैनी, मोळभर झालं!"

एकदोघी हसल्या. मग हसणं तिथंच थांबलं. सकवारबाईच्या हातातलं कुंकवाचं ताट कललं.

"पोट मोजलं?" ती म्हणाली. "हिनं? आज?"

तिनं शिवलीलेचं मनगट धरून हात बाजूला केला. जोरानं नाही, ताटावरची माशी उडवावी तसा. शिवलीला मनगटाकडं बघत राहिली. सौम्यानं मान खाली घातली. गाणं कोणीतरी पुन्हा उचललं, पण सूर लागला नाही.

बायका जेवायला बसल्यावर सकवारबाई स्वयंपाकघरात आली. ठकुबाई पुरणपोळीवर तूप सोडत होती.

"अक्का, स्वल्प बोलायचं होतं."

"बोला की."

"मी वाईट नाही हो. पण माझी एकुलती एक लेक आहे. हे अर्धांगानं पडलेत म्हणून बाळंतपणाला माहेरी नेता येत नाही, इथंच करायचं ठरवलं. पण रोज सकाळी उठून ती ते तोंड बघणार? ती पोरगी पोट मोजणार?"

"डॉक्टरनी सगळ्या तपासण्या केल्यात. काही न्हाई म्हणाले. हे लागट नसतंय."

"डॉक्टरला या घरात राहायचं नाही. बारसं होईपर्यंत तिला कुठंतरी ठेवा. नाहीतर मी सौम्याला तशीच उचलून बनशंकरीला, आमच्या जिन्यावरच्या घरी, घेऊन जाते. मग बाळ इथं यायचं की नाही ते मी बघेन." तिनं आवाज उतरवला. "तुम्ही पण आई आहात ना, अक्का. सरी? बरोबर की नाही?"

ठकुबाईच्या हातातलं तूप पोळीवरून ताटात, ताटातून फरशीवर गेलं.

रात्रीच्या जेवणाला देवाप्पा म्हणाला, "पोरगी कुठं जाणार न्हाई." एवढंच बोलून तो भाकरी मोडत बसला. योगीराज ताटावरून उठून हात धुवायला गेला. सौम्या जेवायला आलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी दोन घास. शिवलीला सकाळी पुढं येऊन उभी राहिली की ती भिंतीकडं तोंड करायची. शिवलीलेला वाटलं वैनी खेळायलीय. ती फिरून त्या बाजूला जायची.

मग एका दुपारी सौम्या ठकुबाईच्या पायाशी येऊन बसली. तिचे पाय सुजले होते, पैंजण मांसात रुतले होते.

"आत्या, मला तिची भीती वाटत नाही. देवाशपथ. मला माझीच भीती वाटते. ती हसली की मला वाटतं, माझं असं झालं तर मी तुमच्यासारखं करू शकेन का? नाही करू शकणार. मग रडू येतं. आणि रडलं की डॉक्टर ओरडतात."

ठकुबाईला आधी तिचा राग आला, आणि लगेच आठवलं. शिवलीला झाली तेव्हा ती स्वतः भिंतीकडं तोंड करून पडली होती. तेव्हा सासूनं पोर उचलून तिच्या छातीशी लावलं होतं. आज ती सासूच्या जागी होती आणि छातीशी लावायला तिच्याकडं काही नव्हतं.

"ह्यांनी जागा बघितलीय," सौम्या हळूच म्हणाली. "चांगली आहे म्हणे. तिच्यासारख्याच मुली आहेत."

बारशापर्यंतच, असं म्हणून ठकुबाईनंच देवाप्पाला तयार केलं. जागा दोड्डबळ्ळापूरच्या वाटेवर होती. कौलारू बैठी इमारत, पुढं लांब अंगण, मधे सिमेंटचा खांब आणि पार टोकाला लोखंडी फाटक. अंगण झाडून लख्ख. एक कडुनिंब सोडला तर फुलाचं एकही झाड नव्हतं. सांभाळणारी मुलगी तरुण होती, हर्षिता नावाची. तिनं शिवलीलेला "ये गं राणी" म्हटलं, तिची पिशवी उचलली आणि ठकुबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "सुरुवातीला येऊ नका. तुम्हाला बघितलं की मुली रडतात, तुम्ही गेल्यावर जेवत नाहीत. रुळू द्या."

शिवलीलेनं आईचा पदर मुठीत धरला होता. "अव्वा, कवा येतीस?"

शिवलीलेला दिवस कळत नसत. काल आणि उद्या तिला एकाच वाटेनं यायचे. तिला कळायची माळ. पुलाखाली बसल्यावर ती विचारायची, घरी कवा? आणि ठकुबाई सांगायची, एवढी बांध, की जाऊ. दोरा त्या खुणेला पोचला की दोघी उठायच्या. त्या शब्दाला आई कधी चुकली नव्हती.

ठकुबाईनं अंगणाकडं बघितलं. खांब बघितला, दूरचं फाटक बघितलं. फूल तर कुठंच नाही, ती मनाशी म्हणाली. ही बांधणार कशानं? विसरून जाईल.

"ह्या खांबापासनं त्या फाटकापत्तोर माळ बांध. ती फाटकाला लागली की मी आलेच म्हणून समज."

शिवलीलेनं खांबाकडं बघितलं. फाटकाकडं बघितलं. तिनं मूठ सोडली.

"सरी," ती म्हणाली, गिऱ्हाइकाला 'बरं' म्हणावं तसं.

ठकुबाई फाटकाबाहेर आली तेव्हा देवाप्पा मागं वळून बघत होता. ती वळली नाही. पिशवीत केळीच्या दोऱ्याचं बिंडं होतं. पोरीनंच घातलं होतं. ते काढून घ्यायचं तिच्या ध्यानात आलं नाही.

दसरा आला. ठकुबाई पुलाखाली एकटी बसली. मोजायची, कापायची, द्यायची. नेहमीच्या बायका विचारायच्या, "कोसरु कुठंय?" ती म्हणायची, "गावाला गेलीय." मग कळ्यांवर पाणी शिंपडत बसायची. गुणगुणताना शेवटच्या शब्दाशी येऊन थांबायची, सवयीनं. पूल घुमायचा.

पहिल्या महिन्यात येऊ नका असं हर्षिताच म्हणाली होती. दुसऱ्या महिन्यात सौम्याला रक्तदाब निघाला आणि तिच्या उशाशी बसायला माणूस हवं झालं. दिवाळीनंतर बाळंतपण झालं, पोट कापून. मग शेक, धुरी, बाळंतिणीचा डिंक, सकवारबाईच्या येरझाऱ्या. फोनवर हर्षिता सांगायची, "जेवते. झोपते. कामात असते." ठकुबाई म्हणायची, "कामात? बरं झालं." कसल्या कामात हे तिनं विचारलं नाही.

मुलगी झाली. न्हाऊ घालायला तिला पहिल्यांदा ठकुबाईच्या पायांवर दिलं तेव्हा घरात दोघीच होत्या. तेल कोमट झालं होतं. ठकुबाईनं त्या एवढ्याशा मुठीत बोट घातलं, मूठ उघडली आणि उजेडाकडं धरली. तळहातावर दोन रेघा होत्या. नीट, वेगवेगळ्या. तिच्या तोंडून सुटकेचा श्वास बाहेर पडला, आणि तो आपला आपल्यालाच ऐकू आला. ती तशीच बसून राहिली. पायांवर बाळ, हातावर तेल. तेल गार झालं तरी तिला चोळायचं सुचेना.

बारसं मार्गशीर्षात धरलं. त्याच्या आदल्या आठवड्यात सकवारबाई म्हणाली, "बारशाला चार लोक येतील. मी म्हणते, राहू दे की तिला तिथं. रमलीय म्हणतात ना? लेकरू स्वल्प मोठं होऊ दे." योगीराजनं आईकडं बघितलं नाही. "अव्वा, तू जाऊन बघून तर ये," तो म्हणाला. "स्वेटर दे तिला. थंडी पडलीय."

बारशाच्या आदल्या दिवशी देवाप्पानं बाजारातल्या ओळखीच्याची मालाची रिक्षा मागून घेतली. मागच्या हौद्यात शेवंतीच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. ठकुबाईच्या मांडीवर स्वेटर आणि पेढ्यांचा पुडा. वाटभर ती एकच वाक्य मनात घोळवत होती. अजून थोडे दिवस, बाई. अजून थोडेच दिवस. धुकं रस्त्यावरून उठत नव्हतं. काचेवरून देवाप्पा हातानंच पाणी पुसायचा.

फाटकाच्या अलीकडं त्यानं रिक्षा थांबवली. "हे काय पडलंय?"

फाटकाच्या खालून काहीतरी बाहेर आलं होतं. दोरखंडाएवढं जाड, धुळीनं माखलेलं, रस्त्याच्या कडेनं वेटोळी घालत पार मोरीपर्यंत गेलेलं. ठकुबाई खाली उतरली. वाकली. हातात घेतलं.

कडुनिंबाचा पाला होता, वाळून भुगा झालेला. गवताच्या काड्या. दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या. जुन्या परकराच्या चिंध्या. परकर तिनं ओळखला, ओटीभरणाचा. दोन अलीकडं, दोन पलीकडं, वर फास. एकही फास सुटलेला नव्हता.

हर्षितानं फाटक उघडलं. तिनं आधी ठकुबाईकडं, मग तिच्या हातातल्या माळेकडं बघितलं.

"केळीचा दोरा तर लगेचच संपला. मग जे मिळेल ते. गादीतला काथ्या काढायला लागली तेव्हा मीच सुतळी आणून दिली. दसऱ्याच्या आत फाटकाला लागली होती, अक्का. त्या दिवशी आंघोळ करून, पावडर लावून बसली टोक धरून. दुसऱ्या दिवशी पण बसली. मी म्हटलं, येतील. मग उठून गेली आणि परत बांधायला घेतली. गजांतून हात घालून रोज थोडी बाहेर सरकवते. आम्हाला वाटलं छंद आहे." ती थांबली. "छंद आहे ना?"

ठकुबाई माळ हातात धरूनच आत शिरली.

शिवलीला खांबाला टेकून बसली होती. उवा झाल्या म्हणून केस कापले होते. मान उघडी पडली होती आणि लहान मुलाच्या मानेसारखी दिसत होती. टाचांना भेगा. बोटांची टोकं पाल्यानं हिरवी-काळी झालेली. दोरा पायाच्या अंगठ्याला.

"शिवे."

तिनं वर बघितलं. धावत आली नाही. अंगठ्याचा दोरा काढला, उठली, सावकाश जवळ आली आणि आईचा उजवा हात धरून पुढं ओढला. माळेचं टोक आईच्या कोपराला लावलं. बोटापर्यंत ताणलं. मग तेच आपल्या हातावर मोजलं. आईचा हात कुठं संपतो, आपला कुठं संपतो, ते बोट ठेवून बघितलं.

"अव्वा," ती म्हणाली. आवाज बसला होता. "माझा हात ल्हान. मोळ ल्हान पडला. म्हणून अव्वा आली न्हाई."

"न्हाई गं..."

"मग मी कोसरु घातला." तिनं फाटकाबाहेर बोट दाखवलं. "लई घातला. आता पुरली?"

ठकुबाई अंगणात बसली. तिच्या काखेतून पेढ्यांचा पुडा घरंगळला. तिनं पोरीचा हात धरला आणि माळ उचलून त्या हातावर मोजायला लागली. त्याच हातावर, कोपरापासून त्या आखूड बोटापर्यंत. एक मोळ, पुन्हा एक मोळ. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, बोटांना फास लागत होते. मोजता मोजता ती गुडघ्यांवर सरकत फाटकाकडं गेली, आणि पोर तिच्याबरोबर, हात पुढं धरून.

"पुरली," ती म्हणाली. "कवाच पुरली होती, माझे आई. तुझा हात बरोबर हाय. मीच चुकले."

शिवलीलेनं तिचं तोंड निरखून बघितलं. गिऱ्हाइकाचं बघावं तसं, पटलं की नाही ते.

देवाप्पानं बाहेरची माळ गोळा केली. वेटोळं करून उजव्या खांद्यावर घेतली, ज्या खांद्यावर जन्मभर लोकांची फुलं वाहिली त्या. हौद्यात ठेवता ठेवता बायकोला हळूच म्हणाला, "बारसं होऊ दे, मग बघू असं सांगायचं ठरलं होतं."

"ठरलं होतं."

"सौम्याची आई..."

"तिला काय करायचं ते करू दे. पोट कापलेली पोर मी टाकणार न्हाई, आणि हिला पण न्हाई. ज्याला जायचंय त्यानं जावं."

हर्षितानं पिशवी आणून दिली. देवाप्पानं रिक्षा चालू केली. तिघं पुढच्याच बाकावर बसले, पोर मधे. ठकुबाईनं तिला स्वेटर घातला, उघड्या मानेवर पदर घेतला. बऱ्याच वेळानं ती गुणगुणायला लागली.

*कळीला गं कळी जोडू, दोरा केळीचा कोवळा,*
*लेक माझी माळ बांधी, गळा देतो देव...*

ती थांबली. रिक्षाचं इंजिन वाजत राहिलं. शिवलीला समोरच्या काचेवरचं पाणी बघत होती. ठकुबाईनं ओळ पुन्हा घेतली, पुन्हा थांबली. शेवटचा शब्द कोणीच म्हटला नाही. देवाप्पानं काच पुसली.

गल्लीत ऊन आलं होतं. दारावर बारशासाठी आणलेलं आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण अर्धवट बांधून सोडलेलं होतं. रिक्षाचा आवाज ऐकून सौम्या बाळाला घेऊन उंबऱ्याशी आली. मागं योगीराज. सौम्यानं शिवलीलेचे कापलेले केस बघितले, हिरवी-काळी बोटं बघितली, आणि देवाप्पाच्या खांद्यावरचं ते वेटोळं. तिला कोणी काही सांगितलं नाही. तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला. ती दारातून बाजूला झाली, वाट मोकळी करून.

"आत ये, शिवा," ती म्हणाली. "बाळ बघ. तुझी वाट बघतंय."

शिवलीला पायरीपर्यंत आली. उंबऱ्याकडं बघितलं. आतली खोली बघितली, खोलीच्या पार टोकाला टांगलेला पाळणा बघितला. त्याची दोरी लोंबत होती. मग ती बाहेरच, पायरीवर बसली. मांडी घातली. चप्पल काढली. तोरणाच्या सुतळीचं उरलेलं टोक खाली आलं होतं. ते तिनं ओढून घेतलं आणि पायाच्या अंगठ्याला अडकवलं.

"अगं, आत चल की," योगीराज म्हणाला. "अण्णा बोलावतोय ना? शिवा?"

ती आईकडं बघत होती. तळहात वर करून ओंजळ पुढं केली होती, कळ्यांसाठी.

"अव्वा," तिनं विचारलं, "कुठपत्तोर?"

ठकुबाई तिच्याशेजारी पायरीवर बसली. सांगायला तिच्याकडं खूण नव्हती. दारात बाळ रडायला लागलं, आणि ती पोरीची ओंजळ दोन्ही हातांनी मिटवत राहिली, आणि ती ओंजळ पुन्हा पुन्हा उघडत राहिली.